एकशे चाळीस मुंगळ्यांची सोय

"हिच्या हातनं काय जगायचं न्हाई," असे माझ्या सासूबाई, शालूबाई, बावीस वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. मी लावलेला कढीपत्ता महिन्यात वाळला, एवढेच कारण होते. पुढे सातव्या महिन्यात माझे पोटातले बाळ गेले, तेव्हा त्या ते वाक्य पुन्हा म्हणाल्या नाहीत. पण घरातल्या सगळ्यांना ते ऐकू आले.

मी, अबोली मधुकर पेठकर, वय शेहेचाळीस, धंदा चष्म्यांचे दुकान, राहणार विश्रामबाग, सांगली, माहेर वाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, पाय नाहीत. दर दोन ओळींनी उठते. येत्या सोमवारी मिरजेत माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. वकील म्हणाले, तरी लिहून ठेवा, कारण तुम्हाला मूल नाही, आणि लिहिले नाही तर तुम्ही कमावलेले सगळे नवऱ्याकडे जाईल.

कलम पहिले, म्हणून नवऱ्याचे. जयराज हंबीरराव शेडगे, फौजेतून निवृत्त, कोरेगावजवळ आपल्या गावी असतात. आम्ही अठरा वर्षे वेगळे राहतो. घटस्फोट कुणीच घेतला नाही, आळसाने म्हणा. त्यांना त्यांच्या घरचे मंगळसूत्र परत द्यावे, बाकी काही नाही. दोन वर्षांपूर्वी ते चष्मा करायला आले आणि चहाला घरी थांबले. मी पाळलेल्या मुंगळ्यांचा डबा पाहून म्हणाले, "लय मोठं कुटुंब केलंस की गं." मीही हसले. ते गेल्यावर मला बराच वेळ कप विसळता आला नाही. बाळ गेले तेव्हा आपल्या आईसमोर ते एक शब्द बोलले असते तर पुरले असते. हा राग मी कुणाच्या नावे करत नाही.

कलम दुसरे. दुकान, काच घासायचे यंत्र, फ्रेमा आणि सगळे पेचकस अंकिताला. ती नऊ वर्षे माझ्या हाताखाली आहे. तिने चष्मा देताना आधी गिऱ्हाइकाच्या कानामागे बघावे. तिथे टोचते, आणि लोक सांगत नाहीत. बारीक टोकाचा चिमटा मात्र तिचा नाही. तो डब्यासोबत राहील. डबा घेतेस का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "मॅडम, दुकान द्या. मुंगळे नकोत."

इथे उठून डबा पाहून आले. सगळे ठीक आहे.

कलम तिसरे. काचेच्या झाकणाचा एक डबा, त्यात प्लास्टरचे घर, एक राणी आणि अंदाजे एकशे चाळीस काळे मुंगळे. सात वर्षांपूर्वी ही राणी वाईच्या घाटाच्या पायरीवर पंख गळालेल्या अवस्थेत धावत होती. चष्म्याच्या डबीत घालून मी तिला सांगलीला आणले. पहिली चार पोरे तिने स्वतः काही न खाता वाढवली. अजून आठ-दहा वर्षे ती सहज जगेल. खाणे असे: सोमवारी आणि गुरुवारी साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, हरभऱ्याएवढा. गुरुवारी त्याबरोबर एक मेलेली माशी किंवा झुरळाचा पाय, गरम पाण्यातून काढून. औषध मारलेला किडा चालत नाही. उरलेले दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलावे, नाहीतर बुरशी येते. डब्याच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर लावावी, म्हणजे ते वर चढत नाहीत. बागेत सोडून दे, असे बरेच जण सुचवतात. काचेत वाढलेल्यांना बाहेरचे मुंगळे दिवसभरात संपवतील.

गेल्या श्रावणात तपासण्यांसाठी मी बारा दिवस पुण्यात होते. डबा वाईला भावाकडे, पुष्करदादाकडे ठेवला होता, आणि वर लिहिलेलेच कागदावर लिहून शकुंतलावहिनींच्या हाती दिले होते. त्यांनी ते वाचले. पण त्या घरात श्रावणभर तुळशीपाशी मुंग्यांना साखर घालतात, आणि मेलेला जीव उचलून कुणाला खायला घालत नाहीत. वहिनींनी साखर ठेवली, माशी वगळली, आणि भरपाई म्हणून साखर रोज दिली. मोठ्यांचे साखरेवर भागते, अळ्यांचे भागत नाही. मी आले तेव्हा एकही अळी उरली नव्हती. मोठ्यांनी खाऊन टाकल्या होत्या.

"अबोली, मी रोज साखर घातली गं, न चुकता," वहिनी म्हणाल्या. "आणि यांनी आपलीच पोरं खाल्ली?"

"उपाशी होती ती," मी म्हणाले. याहून मऊ काही मला सुचले नाही. त्या ओट्याला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी डबा बांधला आणि दोनची एस.टी. पकडली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा राहिला. त्यानंतर त्यांनी कधी मुंगळ्यांचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

कलम चौथे. विश्रामबागेतली दोन खोल्यांची सदनिका सौ. शकुंतला पुष्कर पेठकर यांच्या एकटीच्या नावे. दादा, तुझ्या नाही. त्यांच्या नावावर आजवर काहीच नाही. या देण्याला कुठलीही अट नाही. वर लिहिलेले मुंगळे सांभाळणे हीसुद्धा अट धरू नये. ऑपरेशनचा खर्च भागून बँकेत जे राहील ते दादाने घ्यावे आणि या मृत्युपत्राचा अंमल करावा. माझे बारावे-तेरावे करू नये.

साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. त्यांना यातले काही मिळणार नाही, चहा मिळाला.

साक्षीदार: १. भाऊसो नाथाजी मगदूम, शेजारी (सही)
२. सोनिया गुंडा चौगुले, शिक्षिका (सही)

अबोली मधुकर पेठकर (सही)
सांगली, १४ जुलै २०२५

सहीखाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे वकील म्हणाले. म्हणूनच हे इथे लिहिते.

वहिनी, डबा तुम्ही घ्या. दादा विसरेल. त्या अळ्यांसाठी रडलेल्या तुम्ही एकट्याच आहात, मीसुद्धा रडले नव्हते. श्रावण अकरा दिवसांवर आला आहे. हवे तर देवघराकडे पाठ करा, चिमटा धुऊन वेगळा ठेवा, मग आंघोळ करा. पण दर गुरुवारी एक मेलेली माशी, श्रावणातसुद्धा, तुमच्या हाताने आत ठेवा. तुम्ही नाही म्हणाल, मला ठाऊक आहे. तरी विचारते. ठेवाल?