लासुर्णे ते लासुर्णे, मार्गे जग

लासुर्णे, ता. इंदापूर
एप्रिल १९९६

तीर्थस्वरूप सर्जेराव दाजींना,

लासुर्ण्याहून तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा, मल्हारचा नमस्कार. वाकून करणार होतो, पण सध्या कंबर आणि गुडघे माझं ऐकत नाहीत. कारण पुढं येईलच. मस्कतात तब्येत कशी आहे? गेल्या पत्रात घामोळ्यांचं लिहिलं होतं, ती बसली का? इकडं सगळी खुशाल आहेत. म्हाळसाअक्का डाळजला तुमच्या घरी मजेत आहे. तुमची छकुली दारात आलेल्या प्रत्येक मिशीवाल्याला 'पप्पा' म्हणते (परवा वायरमनला म्हणाली. तो बिचारा चहा न घेताच गेला). तेव्हा यंदा रजा मिळते का बघाच.

आता मुख्य बातमी. मी आणि गेणू सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघतोय. हसू नका. गेणू म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, तुमच्या लग्नात वरातीपुढं नाचून ज्याचं धोतर सुटलं होतं तो. बिचारा जन्मभर त्या गिरणीत पांढरा होऊन बसलाय. बारामतीच्या पलीकडं एकदाच गेला, तेही पुण्याला ऑपरेशनला, आणि पुणं कसं आहे विचारलं तर छताचं वर्णन करतो. एक दिवस दळण टाकता टाकता मला म्हणाला, "मल्हारी, मरायच्या आधी कुटंतरी जाऊ की रं." मी सहज म्हणालो, "जग फिरू." तो पट्टा बंद करून उठलाच. त्याचा चेहरा बघून मला 'थट्टा केली' असं म्हणवेना.

प्लॅन पक्का आहे. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशापुढं उभं राहून ठरवलाय. आधी दिल्ली, तिथून डावीकडं वळायचं की सरळ युरोप. मधे पाकिस्तान लागतं, पण त्याचं सरपंच बघतो म्हणालेत. नकाशात निळा रंग जरा जास्त आहे, ही अडचण आम्ही ध्यानात घेतली आहे. मस्कतात तुमच्या खोलीवर मुक्काम धरलाय. दोघांना जमिनीवर अंथरूण चालेल.

सायकलीला पाटी हवी म्हणून पेंटरला सांगितलं. तो माणूस जन्मभर एसटीच्या पाट्या रंगवत आलेला. त्याला मी म्हणालो, लासुर्ण्यातनं निघून जगभर फिरून परत लासुर्ण्याला यायचं, हे थोडक्यात लिही. त्यानं झोकात रंगवलं, 'लासुर्णे ते लासुर्णे, मार्गे जग'. पुढची सगळी फजिती या पाटीनं केली.

निघायच्या आधी सराव म्हणून भिगवणपर्यंत जाऊन यायचं ठरलं. पण गावाला वाटलं, आजच निघाले. स्टँडवर हलगी, गुलाल, हार. चेअरमननी भाषणात आम्हाला दोनदा 'कैलासवासी' म्हटलं (त्यांना 'कर्तृत्ववान' म्हणायचं होतं, असं नंतर कळलं). आईनं ओवाळलं, पदर तोंडाला लावून रडली आणि मग हळूच विचारलं, "सांजच्याला जेवाय हायसा न्हवं?" मी 'हाय' म्हटल्यावर डोळे पुसून भाकरीचं पीठ काढायला गेली.

वाटेत डाळज. अक्काकडं न थांबता पुढं गेलो असतो तर तुम्हीच मला बोलला असता. तुमच्या मातोश्रींनी खीर वाढली. नको म्हटलं की त्या आणखी वाढतात, हे गेणूला माहीत नव्हतं. त्यानं चारदा नको म्हटलं. त्यानंतर त्याला हँडलवर वाकता येईना, म्हणून पुढं हायवेनं तो मागं रेलून, इनामदारासारखा सायकल चालवत होता.

भिगवणला धाब्यावर टेकलो, तर चार ट्रकवाले पाटी वाचत उभे. एकानं गेणूला विचारलं, "कवा आलासा?" गेणू म्हणाला, "ह्ये काय, आत्ताच." त्याला म्हणायचं होतं भिगवणला. त्यांनी धरलं, जगावरनं. हा हा म्हणता गर्दी झाली. मालकानं पंखा आमच्याकडं वळवला, चहा आला, त्यामागं तळलेली चिलापी मासळी आली. कुणी विचारलं, तिकडं काय बघितलं? मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण गेणूनं खालून माझी मांडी दाबली. दाजी, त्या माणसाला जन्मात कुणी 'पुढं काय झालं' असं विचारलेलं नव्हतं. त्याला परदेश एकच ठाऊक, तुमच्याकडून ऐकलेला. त्यानं मस्कत सांगितलं. तुमची खोली, तिथलं ऊन, तुमचा तो केरळी मुकादम, सगळं. माणसं खाणं विसरून ऐकत होती. आणि खरं सांगतो, मीसुद्धा ऐकत होतो.

तेवढ्यात गर्दीतनं एक म्हातारी पुढं आली. कुशाबाई नाव, धाब्यामागं मासळी विकते. हात पदराला पुसत म्हणाली, "मस्कतात माझा जयवंता हाय. वेल्डिंग करतूय. दिवाळीपास्नं त्याची खबर न्हाय. दिसला का रं बाबा तुमाला?"

गेणू माझ्याकडं बघायला लागला. मी टेबलाकडं बघितलं. मग तो म्हणाला, "दिसला की मावशी. बरा हाय. अंगानं भरलाय."

म्हातारी तिथंच खाली बसली आणि गेणूचे पाय धरून रडली. उठली, ती टोपलीतले सगळ्यात मोठे दोन मासे पिशवीत घालून हँडलला अडकवूनच राहिली. घरी आईनं मासे बघून विचारलं, "ह्ये जगातनं आणलं व्हय?" त्यावरही तो हसला नाही.

असो. तर असा सराव झाला. प्रवासाची तारीख कळवतोच. वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहिणार होतो, पण तिकडं तुमचे वडीलधारे कोण ते माहीत नाही. मुकादमाला सांगा.

तुमचा,
मल्हार

ता. क. येताना छकुलीला झिपरं कुत्रं, चावीवर भुंकणारं, आणा असा अक्काचा निरोप आहे.

ता. क. दुसरा. वर 'असो' लिहिलंय, ते खरं नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही परत भिगवणला गेलो. गेणूच मला उठवायला आला होता. कुशाबाई विळीवर बसली होती. गेणूनं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, की मावशी, मी पुण्याच्या पलीकडं गेलेलोच न्हाय, मस्कतचं समदं ह्याच्या दाजीकडनं ऐकल्यालं. ती विळीवरून उठली आणि तिनं आम्हाला ज्या शिव्या दिल्या, त्या पत्रात लिहिता येत नाहीत. धाब्यावरचे ट्रकवाले पुन्हा गोळा झाले (या वेळी चहा नाही). दम लागल्यावर ती खाली बसली आणि मला म्हणाली, "तुझा दाजी तरी खरा हाय का, का त्यो बी तुमीच केला?"

मी छकुलीची शपथ घेतली. मग तिनं मला पोराच्या खुणा सांगितल्या. हे पत्र त्यासाठी आहे. जयवंता, भिगवणचा, हनुवटीवर जखमेचा व्रण, डावखुरा, हसला की डोळे पूर्ण मिटतात. कंपनीचं नाव तिला सांगता येत नाही. दाजी, तुमची सुट्टी कुठल्या वारी असते माहीत नाही, पण ती या कामाला द्या. आपली माणसं जिथं जमतात तिथं विचारा. जे कळेल ते लिहा. वाईट असलं तरी लिहा. आम्ही दोघं जाऊन सांगू.

ता. क. तिसरा. परदेशी तिकिटं मिळेनात म्हणून हे पत्र तीन आठवडे पडूनच आहे. जगाचं सध्या थांबलंय. गेणू दर बाजाराच्या दिवशी गिरणी बंद ठेवून भिगवणला जातो, 'अजून काय न्हाय' एवढं सांगायला. ती शिव्या देते, जेवायला घालते. जयवंता भेटलाच, तर त्याला सांगा, तुझी आई बरी आहे. हे मात्र आम्ही स्वतः बघून आलोय.