चारमजलीतला तीन फाळ्यांचा आरसा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. तेवढी इथे कोणाची छाती नाही. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो पाठीत. उजव्या खांद्याखाली गाठ निघाली आहे आणि गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही," आणि लगेच विचारलं, "घरी कोण कोण असतं?" त्यावरून काय ते मी समजले.

वकीलसाहेबांनी नमुना दिला होता. त्यात स्थावर आणि जंगम याशिवाय माणसाकडे काही असतं असं दिसत नाही. तो परत केला. त्यांची एक गोष्ट मात्र मानली आहे: ज्याला या कागदातून काही मिळणार, त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही.

१. घर. दोन खोल्या आणि पुढची शिवणाची खोली माझ्या नावावर आहे. माझे यजमान जिवंत असेपर्यंत तेच इथे राहतील. त्यांना कोणी हलवू नये, त्यांनीही उगाच मुलाकडे जाऊन सोफ्यावर बसून राहू नये. त्यांच्या मागे घर मुलाचं.

२. बँकेतली शिल्लक. आधी यजमानांचा मोतीबिंदू काढावा, मग उरेल ते त्यांचं. माझ्या पाठीवर एवढी गाठ वाढली, त्यांना दिसली नाही. त्यांना समोर उभी राहिलेली बस दिसत नाही, त्यात त्यांची चूक नाही. पण "बघू पुढच्या महिन्यात" हे आता चालणार नाही.

३. शिलाई मशीन सुनेला. तिची शिवण अजून वाकडी जाते, पण चुकलं तर उसवायला लाजत नाही. बाकी हाताला येतं. मोठी कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कोणी कागद कापला तर तिने त्याच्या हातावर मारावं, माझं नाव सांगावं.

४. जुनं चारमजली दुकान पाडून त्या जागी जे काचेच्या भिंतींचं नवं दुकान झालं आहे, त्यातून माझ्या शेवटच्या सामानासाठी सुतळीसुद्धा आणू नये. मागच्या वर्षी तिथे कोट घालून बघितला आणि तिथल्या पोरीला विचारलं, "पाठ कुठे बघायची?" म्हणते, "मोबाईलवर फोटो काढा ना, मॅडम." कोट तिच्या हातात दिला आणि आले.

५. आता चारमजलीबद्दल. त्यातून कोणाला काही मिळणार नाही, पण पुढचं कलम त्याशिवाय कळणार नाही, म्हणून लिहिते.

दुकानाला मालकाच्या घराण्याचं नाव होतं, पण अख्खं गाव चारमजली म्हणायचं. खाली अत्तर, रिबिनी आणि हातमोजे, पहिल्यावर भांडी, दुसऱ्यावर कपडे, वर खेळणी आणि चहा. लिफ्टला जाळीचं दार होतं. लिफ्टवाला मजल्याचं नाव असं पुकारायचा, जसं काही पाहुण्यांना आपलंच घर दाखवतो आहे. पैसे डबीत घालून वरच्या तारेवरून सोडायचे; डबी सर्रकन गल्ल्यावर जायची आणि मोड घेऊन परत यायची. आत शिरलं की फरशीच्या मेणाचा आणि कोऱ्या कापडाचा वास. तसा वास मला परत कुठे आला नाही.

आणि तिथे बघायला मनाई नव्हती. ही त्या दुकानाची खरी श्रीमंती.

आमची आई दुसऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची. एकदा आम्हा दोघी बहिणींना घेऊन ती चारमजलीत गेली, लिफ्ट दाखवायला. दुसऱ्या मजल्यावर एका निळ्या कोटासमोर थांबली. हात लावला नाही, नुसती थांबली. तिथे कपड्यांच्या मुख्य बाई होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. आता हाकलणार म्हणून मी आईचा हात ओढला. तर मोठ्या बाईंनी कोट काढला, आईला घातला आणि तिला तीन फाळ्यांच्या आरशासमोर उभं केलं. मधला फाळा समोर, बाजूचे दोन बिजागऱ्यांवर फिरणारे. ते त्यांनी जवळ ओढले आणि म्हणाल्या, "पाठ बघा, ताई. आमच्याकडे पाठ बघितल्याशिवाय कोणी पैसे देत नाही."

आई म्हणाली, "मला घ्यायचा नाहीये, बाई."

"मग तर निवांत बघा."

आई बघत राहिली. जन्मभर ओणवी राहिलेली बाई. म्हणाली, "अगं बाई, माझी पाठ एवढी सरळ आहे?"

कोट तिथेच राहिला. आई मात्र घरी जाताना वेगळी चालत होती. पुढे सोळाव्या वर्षी त्याच मोठ्या बाईंनी मला कपडे अंगावर बसवून द्यायच्या कामाला घेतलं. तोंडात टाचण्या आणि तोंडच तसं, म्हणून माझं नाव पडलं टाचणी. पाठची बहीण खाली रिबिनींवर लागली. बोलायला गोड, म्हणून ती रेशीम. बारा वर्षं मी हजारो बायकांना त्यांची पाठ दाखवली. कोणी हसलं, कोणी रडलं, एकीने तर नवऱ्याला बाहेरच थांबवलं आणि म्हणाली, "जरा मला माझी बघू दे." तसं काम मला परत मिळालं नाही.

दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी सांगितलं, ज्याने त्याने एक वस्तू आठवण म्हणून न्यावी. मी आरशाला हात लावला. दुसऱ्या बाजूने रेशीमने लावला.

"इथे बारा वर्षं मी उभी होते. आरसा माझा."

"आणि आई उभी होती ती काय तुझी एकटीची?"

कोणीच हात काढला नाही. शेवटी सुताराने स्क्रू काढून वाटणी केली. मधला फाळा मला, बाजूचे दोन तिला. पितळी बिजागऱ्या मी मुठीत धरल्या, त्या तिला कळल्याच नाहीत. याचं मला वाईट वाटत नाही. त्यानंतर लग्नकार्यात आणि मयताला आम्ही एकमेकींना "जेवलीस का?" एवढंच विचारत आलो.

सव्वीस वर्षं मला माझं तोंड तेवढं दिसतंय. कपड्याची शिवण पाठीत टोचायला लागली तेव्हा मी शिवणीला दोष दिला, दोनदा उसवली. डॉक्टर म्हणाले, "एवढी होईपर्यंत कळलं नाही?" मी म्हटलं, "पाठीला डोळे असतात का?"

६. म्हणून आरशाचा मधला फाळा आणि बटणांच्या डब्यात ठेवलेल्या बिजागऱ्या माझ्या पाठच्या बहिणीला द्याव्यात. तिने तिन्ही जोडावेत. गोड बोलून आभार मानायला येऊ नये, मी नसेन.

इथपर्यंत लिहिलं आणि दारात रेशीम. मी बोलावलं नव्हतं. यजमानांनी फोन केला. त्यांना तेवढं बरं दिसलं. तिने कागद उचलला आणि उभ्या उभ्या वाचला.

"मेल्यावर देणार? म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू?"

"दिलंय ते घे की गप."

"नको मला. सुताराला बोलव. माझे दोन फाळे खाली टेम्पोत आहेत. आणि बिजागऱ्या काढ."

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. मूठ न उघडता डाव्या हाताने चहा प्यायलीस. मी काय आंधळी आहे?"

सुतार येऊन गेला. आरसा शिवणाच्या खोलीत उभा आहे. रेशीमने फाळे जवळ ओढले आणि माझं पोलकं उजव्या खांद्यावरून खाली सरकवलं. मला गाठ दिसली. वाटलं होतं तेवढी मोठी नाही. रेशीम म्हणाली, "गाठीकडे काय बघतेस, टाचणे? पाठ बघ. सरळ आहे."

"आईची आहे."

"माझी पण आहे. सरक जरा."

सबब कलम ६ मी स्वतः खोडत आहे. वस्तू जिवंतपणी मार्गी लागली. आरसा इथेच राहील. जिला पाठ बघायची असेल तिने यावं, कपडा शिवायला टाकला नाही तरी चालेल. हे सुनेने पाळावं. माझ्या बहिणीला या कागदातून आता काहीही मिळत नाही, त्यामुळे तिची साक्ष कायद्याने चालते. वकीलसाहेबांना फोन करून विचारलं आहे. ते म्हणाले, "चालेल, पण मजकूर जरा आटोपता घ्या." घेतला.

ठिकाण: राहतं घर, शिवणाची खोली.
दिनांक: ९ मार्च, मंगळवार.

सही: टाचणी (बँकेतली सही शेजारी केली आहे.)

साक्षीदार पहिला: समोरचा कंपाउंडर. सही केली.

साक्षीदार दुसरी: माझी पाठची बहीण. पुढे जागा उरली नाही, म्हणून तिची सही पानाच्या पाठीवर आहे. पाठ बघितल्याशिवाय हा कागद पुरा धरू नये.