मागची खिडकी

लाडके चिऊ,

तुझा पत्ता ठाऊक नाही, तरी लिहितेय. आपली फिरतीची घरगाडी आज विकली. बाबांना आता नीट दिसत नाही. तू रागावून गेलीस तेव्हापासून ते रोज गाडी पुसायचे. "पोरगी आली की लगेच निघू," म्हणायचे.

एका नर्सबाईंनी घेतली. बाबांनी त्यांना शेगडी, पलंग, गळका नळ सगळं हाताने चाचपत दाखवलं. किल्ली देताना म्हणाले, "मागची खिडकी जरा उघडी ठेवत जा. बंद असली की तिला झोप लागत नाही."

"कुणाला?" बाईंनी विचारलं.

बाबांनी मागच्या काचेवरून एकदा फडकं फिरवलं.

गाडी वळणाआड गेली, तरी ते हात हलवत उभे होते. 'गेली' म्हणून माझ्याने सांगवेना.

तुझीच,
आई