माझ्या लेकाने काढलेली गोळी

ता. ३, मंगळवार
सगळ्यात आधी आली ती शेजारची शिवणवाली, मागोमाग तिच्या दोन्ही जावा. मंत्र्याची आई कशी दिसते ते बघायला! काल दिसत होते तशीच की. राजाला हाकलून बारा दिवस झाले, आणि नव्या सरकारात आरोग्यखातं माझ्या डॉक्टर लेकाकडे! सून मात्र स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. तिला मेलीला कशाचं कौतुकच नाही.

ता. ४, बुधवार
मंत्री झाला तरी सकाळी दारात खोकणारी माणसं आहेतच. त्यांना तपासून मग कचेरीत जातो. आज सरकारी ड्रायव्हरनेही आपला घसा दाखवून घेतला.

ता. ६, शुक्रवार
राजाला हाकलणाऱ्या समितीचे तीन पाहुणे आले. लेक कचेरीत, सून बाजारात. काय नम्र माणसं! मुलाबद्दल सांगा म्हणाले. मला कोणी विचारायचा अवकाश — पायाळू जन्मला तिथपासून सुरू केलं. म्हटलं, त्याला आपला-परका नाही. गोळीबाराच्या दिवशी जुन्या पोलिसांचा मोठा साहेब मागच्या दाराने आला, तर ह्याच जेवणाच्या टेबलावर त्याच्या मांडीतली गोळी काढली. जगाला वाटतं साहेब पळाला. कुठला पळतोय! लेकाच्या कंपाउंडरच्या माडीवर आहे, आता काठी धरून चालतो. सून म्हणाली होती, कुठे बोलू नका. पण सरकार लेकाचंच, आपल्याच माणसांपासून काय लपवायचं? एकाने लिहून घेतलं. नीट लिहा म्हटलं.

संध्याकाळी लेकाला सांगितलं. हातातला घास तसाच खाली ठेवला. रागावला नाही — रागावला असता तर बरं. "आई, माडीचंही सांगितलंस?" एवढंच. सून एकच पातेलं घासत राहिली.

ता. ७, शनिवार
साहेबाला नेलं. कंपाउंडरलाही.

ता. ९, सोमवार
पाहुणे पुन्हा. मी दाराआड. साहेबाच्या शिक्षेचा कागद आणलेला. म्हणाले, "सही केलीत तर तुम्ही आमचे, डॉक्टर. नाहीतर टेबलाची गोष्ट सगळ्यांना सांगावी लागेल." लेकाने बराच वेळ चष्मा पुसला.

ता. १०, मंगळवार
साहेबाला पहाटे गोळी घातली. चौकात कागद लावलाय. वरचं बारीक छापील मला दिसलं नाही, पण खालची सही लांबूनच ओळखली. औषधाच्या चिठ्ठीवर असते तशीच. आज लेकाने एकही पेशंट बघितला नाही. खोकत बसले, उठून गेले.

ता. ११, बुधवार
पाहुणे येऊन गेले. कंपाउंडरचा कागद घेऊन रविवारी येतो म्हणाले.