पुस्तकभिशीचे पोहे

आई, तुझ्यासाठी साहित्यवर्तुळातली एक ताजी बातमी आहे. तू पुस्तकात आली आहेस. खोटं नाही सांगत. तुझ्या त्या लाडक्या लेखिकेचं आठवणींचं पुस्तक आलंय, आता तीही थकली, काठी घेऊन चालते म्हणे, आणि त्यात जवळजवळ पानभर तू आहेस. जन्मभर याचसाठी जीव टाकलास ना? लेखिकांना लांबच लांब पत्रं पाठवलीस, त्यांची दोन ओळींची उत्तरं देवाच्या फळीवर ठेवलीस. आता ऐक. निवांत ऐक, तुला काही कुठे जायचं नाहीये.

जुईनगरच्या घरात रविवारचा पेपर आला की पहिलं पान तू बाबांकडे ढकलायचीस आणि पुरवणीतलं साहित्यवार्तांचं सदर घेऊन ओट्यापाशी उभी राहायचीस. कुणाला पुरस्कार, कुणाचा नवा कथासंग्रह, कुठे परिसंवाद. "अगंबाई, मिळाला हो तिला शेवटी!" असं काही ओरडायचीस की शेजारणीला वाटावं, घरातलंच कुणीतरी पास झालं. (ते सदर बंद पडलं बरं का. तिथे आता फ्लॅटच्या जाहिराती असतात.) बायकांनी लिहिलेलं एक पुस्तक तू सोडलं नाहीस. मार खाणाऱ्या, घर सोडून निघणाऱ्या, एकटीने पोर वाढवणाऱ्या, सगळ्या तुझ्या जिवाभावाच्या. "काय सोसलंय गं हिने," म्हणत डोळ्यांना पदर लावायचीस, तिकडे भाजी करपायची. सोसायटीतल्या बायका जमवून तू पुस्तकभिशी काढलीस तेव्हा मला तुझा खरंच अभिमान वाटला होता. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिला तेवढ्या पैशांची पुस्तकं आणि बैठक तिच्या घरी.

एका महिन्यात चिठ्ठी तुझी निघाली आणि तुझी ती लाडकी लेखिकाही यायला कबूल झाली. नेमकी बैठकीच्याच रविवारी सकाळी मी कोपरखैरण्याहून, सासरहून, बॅग घेऊन दारात. तू हसत दार उघडतेस, तुला वाटतं फुलवाला आला. माझं मनगट सुजून टम्म झालंय, दंडावर नवऱ्याची बोटं उमटली आहेत. मी एवढंच म्हणते, "आई, मी आता परत जाणार नाही." तू माझ्याकडे बघायच्या आधी समोरच्या फ्लॅटचं दार बंद आहे का ते बघतेस. मग म्हणतेस, "आज? आजच मुहूर्त सापडला तुला?"

बाबा म्हणाले, "राहू दे ना तिला. आपलंच घर आहे." आयुष्यात तुझ्यापुढे ते बोलले असतील तर तेवढंच. तू त्यांच्यावरच घसरलीस. "आणि बिल्डिंगमध्ये काय सांगू? मी सगळ्यांना शहाणपण शिकवते आणि माझीच पोर बॅग घेऊन घरी? संध्याकाळी मंडळी गेली की तुम्ही हिला सोडून या." मी म्हटलं, "आई, तो पुन्हा मारेल." तू कपाट उघडून लांब बाह्यांचा ब्लाउज शोधत होतीस. तो माझ्या अंगावर टाकलास. "हा घाल. आणि पोह्यांचं बघ, बायका चारला येतील." बॅग तू स्वतः उचलून पलंगाखाली सरकवलीस.

एका हाताने कांदे चिरले मी. बायका आल्या, लेखिका आली, तू तिला ओवाळलंस. "लेक माहेरपणाला आलीय," तू सगळ्यांना सांगत होतीस. लेखिकेला डिश देताना माझी बाही वर सरकली. तिने डिश घेतलीच नाही, माझ्या मनगटाकडे बघत राहिली. "काय गं, हाताला काय झालं?" मी तोंड उघडलं होतं, आई. खरंच उघडलं होतं. "बाथरूममध्ये घसरली," तू म्हणालीस, "धांदरट आहे आमची पहिल्यापासून." बायका हसल्या. "पोहे घ्या ना, मीच केलेत," तू लगेच म्हणालीस. मग तिने तिची कथा वाचली, तू मनसोक्त रडलीस आणि आभार मानायला उठलीस. आपल्या लेकींना आपण बोलतं केलं पाहिजे, म्हणालीस. काय टाळ्या पडल्या! मी आत कपबश्या विसळत होते, नळाचं पाणी जायची वेळ झाली होती.

संध्याकाळी बाबांनी रिक्षा केली. उतरताना त्यांनी फक्त बॅग धरली. तो ब्लाउज तू परत मागितला नाहीस, तेवढंच काय ते माझं माहेरपण. पुढच्या खेपेला त्याने हात मोडला तेव्हा मी तुझ्या दाराशी आलेच नाही. प्लास्टर घालून सरळ वाशीला बायकांच्या हॉस्टेलवर गेले, नोकरी धरली. आणि तू? भिशीत सांगायला लागलीस, "माझी मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे. मी तिला वाढवलंच तसं." वा! माझा मोडका हातसुद्धा तू तुझ्या खात्यावर लावलास.

तर आता ते पान. नवी मुंबईतल्या एका घरी वाचनाला गेले होते, असं ती लिहिते. तिथली मुलगी बाहीखाली काय लपवत होती ते मला कळलं होतं, आणि तिची आई खोटं बोलतेय हेही. मी काही बोलले नाही, पोहे फार चांगले झाले होते, मागून घेतले, असं लिहिते. मोठी आली प्रामाणिक! इतक्या वर्षांनी लिहून टाकलं, मोकळी झाली. थेट तुझ्याबद्दल एकच वाक्य आहे: बायकांच्या दुःखावर इतकी रडणारी आणि इतकी कोरडी बाई तिने दुसरी पाहिली नाही. पोहे मात्र तूच केलेस असं छापलंय.

हे पुस्तक तुझ्या फोटोपुढे उघडून ठेवायचं, अगदी त्याच पानावर, असं ठरवून मी ते विकत आणलं. ठेवलं नाही. हे लिहिलेला कागदही फाडून टाकीन. कारण दुकानात उभ्या उभ्या ते पान सापडलं तेव्हा मी स्वतःला शोधलं नाही. आधी तुझं नाव शोधलं. पान उलटून पाहिलं, शेवटची आभारांची पानंसुद्धा पाहिली. कुठेच नव्हतं. आणि मला तुझ्यासाठी वाईट वाटलं, आई.