दहा वर्षांच्या वाचकासाठी चाळीस अंक

एस्कनाबा, ९ सप्टेंबर

प्रिय लेलंडदादा,
सा. न. वि. वि.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. ग्रंथालयातलं खिडकीखालचं फडताळ मी अखेर कॉमिकसाठी मागून घेतलं. वाचायला कंटाळणाऱ्या तिसरी ते पाचवीच्या मुलांना याच वाटेने पुस्तकांकडे आणता येईल, असं मी तीन वर्षं मुख्याध्यापिका मिसेस पेल्की यांना सांगत होते. त्यांनी परवानगी दिली. मात्र एक तक्रार आली तरी प्रश्न समितीपुढे जाईल आणि फडताळ बहुधा हातचं जाईल, असंही बजावलं.

तुझं कॉमिकचं दुकान चोवीस वर्षं चालू आहे, तेव्हा निवड तूच कर. औषधाच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवरून आपण त्या अचाट ताकदीच्या निळटोप्याचे अंक काढायचो आणि मालक हाकलेपर्यंत फुकट वाचायचो, तसं काहीतरी पाठव. फोनवर तू व्याख्यान देतोस म्हणून लिहिते आहे. पत्र निदान मध्येच खाली ठेवता येतं.

माया आटू देऊ नकोस.
तुझी कॉरिन


कालामाझू, १८ सप्टेंबर

चि. कॉरिन हीस,
अ. आ.

सोबत चाळीस अंक पाठवत आहे. बहुतेक निळटोप्याचेच आहेत. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीमागे पुठ्ठा घालून ठेवला आहे. मुलांना हात धुऊन हाताळायला सांग.

आपल्या वेळचा कागद आठव. घाम लागला की निळा रंग बोटांवर यायचा. आताचा कागद, छपाई, रेखाटन यांत उणं काढायला जागा नाही. दर्जाच्या बाबतीत हा धंदा इतका वर कधीच नव्हता, हे मी जबाबदारीने लिहितो. तुझ्या मिसेस पेल्कींनाही एक अंक दे. त्यांचा स्वभाव सुधारेल.

थंडी सुरू होण्यापूर्वी गाडीचे टायर बदल. गेल्या वर्षी तू ऐकलं नाहीस.

स्नेह आहे तो वाढता असावा.
तुझा लेलंड


एस्कनाबा, १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

टायर बदलले. बाकी बातमी वाईट आहे.

चौथीतल्या आयला केट्टुनेनने निळटोप्याचा चौथा अंक घरी नेला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तो घेऊन आले. अकराव्या पानावर निळटोप्या एका माणसाचा हात खांद्यापासून उपटतो. चित्र पानभर आहे आणि, तू म्हणतोस तसा, कागद उत्कृष्ट आहे. केट्टुनेन आवाज न चढवता इतकंच म्हणाले, की बाई, तुम्ही हे वाचलं होतं का. मी वाचलं नव्हतं. माझ्या भावाने निवडलं आहे, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी भावाचं वय विचारलं.

आयलाची तक्रार वेगळीच होती. अंक चौथा असूनही गोष्ट पाचव्या भागापासून सुरू होते, सगळे मागच्या लढाईबद्दल बोलतात, आणि ती लढाई कुठल्या अंकात झाली ते कुणीच सांगत नाही, असं ती म्हणाली. मलाही सांगता आलं नाही.

फडताळाला कुलूप लागलं आहे. सोमवारी, ११ नोव्हेंबरला समिती बसणार. मला एकच उत्तर हवं आहे. हे अंक तू वाचले होतेस का?

रागातही तुझीच,
कॉरिन


कालामाझू, २५ ऑक्टोबर

चि. कॉरिन हीस,
अ. आ.

आधी बचाव लिहून काढला. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात वयाची खूण छापलेली असते, नखाएवढी, आणि ती तू पाहायला हवी होतीस, असा तो होता. पुन्हा वाचून पाहिला आणि फाडला.

मी अंक वाचले नव्हते. मंगळवारी खोके येतात. मी कोपरे तपासतो, अंक पिशवीत घालतो, ज्याच्या त्याच्या नावाच्या कप्प्यात ठेवतो. बुधवारी गिऱ्हाइकं येऊन घेऊन जातात. निळटोप्याचा नवा अंक मी अकरा वर्षांत उघडलेला नाही. तुला पाठवलेले चाळीस मी मुखपृष्ठं पाहून निवडले.

रविवारी दुकानातल्या प्रती काढून ते सगळे वाचले. तीन फार चांगले आहेत, सत्तावन्न वर्षांच्या माणसासाठी. दहा वर्षांच्या मुलीसाठी एकही नाही. मग कप्पे पाहिले. एकशे चाळीस नावांत सर्वांत लहान गिऱ्हाईक एकतीस वर्षांचं आहे. आपण मोठे झालो, पण निळटोप्याला पुढच्या मुलांच्या हाती दिलं नाही. त्याला आपल्याबरोबर म्हातारा केला.

आणखी एक कबुली. मुलं कॉमिक वाचतात. दातांच्या तारा, रुसलेल्या मैत्रिणी, हरवलेली कुत्री अशा विषयांची ती जाड पुस्तकं. एक बाई मुलीला घेऊन तीच मागायला आल्या होत्या. हे खरं कॉमिक नव्हे, असं सांगून मी त्यांना मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानाचा रस्ता दाखवला. त्या पुन्हा आल्या नाहीत.

समितीपुढे मी स्वतः येतो. चूक माझी आहे, ती तुझ्या नावावर राहू नये.

तुझा लेलंड


एस्कनाबा, १३ नोव्हेंबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

सात तास गाडी हाकून आलास, सहा मिनिटं बोललास आणि मंगळवारच्या खोक्यांसाठी रातोरात परत गेलास. म्हणून पुढचं लिहिते. कपाळावर आठ्या घालून आलेला माणूस स्वतःच्याच मालाविरुद्ध साक्ष देतो, हे समितीला नवीन होतं. चार विरुद्ध तीन मतांनी फडताळ राहिलं. अट एकच, ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक मी पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून सही करायची. चौथं मत केट्टुनेन यांचं होतं; पालकांच्या वतीने तेही समितीवर आहेत.

तुझे अंक परत पाठवायचे ठरले. मी खोकं बांधत होते तेव्हा केट्टुनेन आले, दार लोटून घेतलं आणि त्या हात उपटलेल्या माणसाचं पुढे काय झालं, असं विचारलं. ते अंक आता त्यांच्याकडे आहेत. त्यांना दर महिन्याला पुढचे हवे आहेत. आयलाला कळता कामा नये.

तुझ्या लोभातली,
कॉरिन


कालामाझू, २० नोव्हेंबर

चि. कॉरिन हीस,
अ. आ.

केट्टुनेन यांच्या नावाने कप्पा उघडला. यंदाचं हे पहिलं नवं गिऱ्हाईक, वय सेहेचाळीस. अंक साध्या पाकिटातून त्यांच्या कचेरीच्या पत्त्यावर जातील.

त्या जाड पुस्तकांपैकी सात मी विकत आणून वाचली. दोन कंटाळवाणी आहेत. एकात मुलीची आजी पानभर काहीच बोलत नाही, नुसती भांडी घासते. ते पान मी तीनदा पाहिलं. दुकानात दाराजवळची खालची फळी रिकामी केली आहे. आयलासाठी मात्र इतक्यात काही पाठवत नाही. तिला कोणतं द्यावं हे सांगण्याइतकं माझं वाचन अजून झालेलं नाही.

तुझा लेलंड