बेडकाची हनुवटी

४ मार्च
टांकसाळीत परीकथा! सोन्याची सहा स्मारक नाणी पाडायची. वाटलं, निजलेली राजकन्या माझ्या वाट्याला येईल — वीस वर्षं साचे कोरतेय. मिळाला बेडूक. डोक्यावर मुकुट. "गोड दिसला पाहिजे हं बाई," इति साहेब. बेडूक आणि गोड!

९ मार्च
भाचीच्या लग्नाची रजा साहेबांकडून नामंजूर. "लग्नं काय, होतच असतात." एकुलती एक भाची आहे हो! ताईला फोनवर सांगताना मीच रडले.

१० मार्च
काल रागाच्या भरात हात चालला तो चालला. साचा उलटा कोरायचा, मग आरशात सुलट बघायचा. आज आरसा धरला — बेडकाला साहेबांची हनुवटी! दुहेरी. जड पापण्या, फुगवलेले गालसुद्धा त्यांचेच. मुकुट काय शोभतोय मेल्याला!

१२ मार्च
पॉलिशवाली हसून हसून खाली बसली. खातंभर बभ्रा. साहेबांनी मात्र भिंगातून पाहिलं, "वा, गोड आहे" म्हणाले आणि सही ठोकली. माणूस स्वतःला भलताच देखणा समजतो.

१३ मार्च
नवऱ्याला सगळं सांगितलं. नोकरी गेली तर? नवरा म्हणाला, "खाजवून खरूज काढलीस. उद्या आधी ती हनुवटी घास."

१४ मार्च
उशीर! भट्टीवाले काका साचा तापवून, पाणी देऊन मोकळे. पोलाद असं कडक झालं की माझी छिन्नी नुसती घसरते. काका म्हणाले, "आता देवाचं नाव घ्या."

२ एप्रिल
उद्या अनावरण. घरच्यांनाही बोलावणं. साहेब आईला आणणार. आई! लेकाचं थोबाड ती नाही ओळखणार तर कोण?

३ एप्रिल
आली. ऐंशीची, काठी टेकत. नेमकी बेडकापाशी थांबली, भिंग मागितलं. मी दाराकडे सरकले.

"अगंबाई! हे तर ह्याचे वडील! रुसले की अस्सेच गाल फुगवून बसायचे." खूप हसली, मग खुर्चीत बसून डोळे पुसत राहिली.

साहेब दोन वर्षांचे होते तेव्हा वडील गेले म्हणे. घरात त्यांचा फोटो एकही नाही. साहेबांनी भिंग घेतलं ते खाली ठेवलंच नाही.

४ एप्रिल
साहेब माझ्या टेबलापाशी आले. डोळे सुजलेले. "बाई, माझ्या बाबांना तुम्ही कुठे पाहिलंत?"

राग पार पळाला माझा. म्हटलं, "रोज बघते, साहेब." आणि कामाचा आरसा त्यांच्या हातात दिला.